गावच्या खेळाडूंना आणि कलावंतांना शासनाची मदत: आधी पोरांचं बघा, मंडळाचं नंतर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी तुमचं गाव. नोंदणी असलेलं युवक मंडळ आहे. कबड्डी खेळणारी दहा-बारा पोरं आहेत. वरच्या पाड्यावरच्या दोन मुली आश्रमशाळेत शिकतात आणि लांब पल्ल्याचं चांगलं पळतात. गावात वही, म्हणजे आपल्याकडचं लोकगायन, गाणारी जुनी मंडळी आहेत, पाड्यावर ढोलाचं पथक आहे. खेळ, संस्कृती, युवक कल्याण या नावाने शासनाच्या पुष्कळ योजना ऐकू येतात, तर मंडळाला अनुदान मिळवायला अर्ज कुठे करायचा?

भाऊ, मी नोकरीभर शाळेत खेळ शिकवला आणि आता जळगाव-धुळ्याकडच्या मंडळांना, शाळांना कागदपत्रं लावून द्यायला मदत करतो. त्यावरून सांगतो, प्रश्नाचा क्रम उलटा करा. मंडळाला अनुदान हे या वाटेवरचं शेवटचं स्टेशन आहे. तुमच्या गावात जे आहे त्यातलं बरंच काही पोरांच्या स्वतःच्या नावावर मिळू शकतं, आणि ते मंडळाच्या अनुदानापेक्षा लवकर मिळतं, जास्त मिळतं, जास्त टिकतं.

याचं कारण साधं आहे. मुलाच्या नावावर जे मिळतं, म्हणजे वाढीव गुण, शिष्यवृत्ती, क्रीडा प्रबोधिनीतला प्रवेश, नोकरीतलं आरक्षण, त्याचे नियम लिहिलेले आहेत. मूल त्यात बसलं की ते नाकारायला तसंच कारण लागतं. मंडळाचं अनुदान मात्र त्या वर्षी जिल्हा वार्षिक योजनेत क्रीडा विभागाला किती तरतूद झाली यावर ठरतं. ती योजना जिल्हा नियोजन समितीत मंजूर होते, समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, आणि एका जिल्ह्यात मागणारे शेकड्याने असतात. तुमची फाईल अगदी चोख असली तरी निधी संपला म्हणून ती पुढच्या वर्षावर जाते. अशी वाट बघण्यात पोरांचं वय निघून जातं. सतरा वर्षांखालचा गट एकदा सुटला की सुटला.

म्हणून पहिल्यांदा त्या दोन मुलींबद्दल बोलू. त्यांचीच गोष्ट सगळ्यात घाईची आहे.

आश्रमशाळेतल्या मुलांना स्पर्धेचे दोन दरवाजे असतात आणि बऱ्याच ठिकाणी एकच उघडा ठेवला जातो. पहिला आदिवासी विकास विभागाचा. तुमची शाळा यावलच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली येते. तिथे प्रकल्पस्तर, मग नाशिकच्या अपर आयुक्तांच्या पातळीवर, मग राज्य, अशा आश्रमशाळांच्या स्पर्धा होतात. दुसरा दरवाजा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धांचा. 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट, आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. राज्यातून निवडलेला संघ राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जातो. पुढच्या बहुतेक सवलतींची वाट या दुसऱ्या दरवाजातून जाते. मुख्याध्यापकांना जाऊन नीट विचारा, शाळेची यंदाची ऑनलाइन नोंदणी जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे झाली आहे का, आणि मैदानी स्पर्धेत या दोघींची नावं घातली आहेत का. मुदत गेली की कोणी काही करू शकत नाही. मुलगी कितीही वेगात पळाली तरी यादीत नाव नसेल तर तिला सुरुवातीच्या रेषेवर उभं करत नाहीत.

दोघींपैकी धाकटी जर बारा-तेरा वर्षांची असेल तर क्रीडा प्रबोधिनीचा विचार आजच करा. राज्य शासनाने 1996 मध्ये ही योजना सुरू केली. नाशिक, पुण्यासह राज्यात काही ठिकाणी निवासी प्रबोधिनी आहेत. राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण, साहित्य, सगळं शासनाकडून. वय साधारण 8 ते 14 असताना मुलं घेतात, आणि या वयात निवड होते ती मुख्यतः पदकं बघून नाही, चाचण्यांवर. खेडेगावातल्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण पदक मिळवायला आधी स्पर्धेपर्यंत पोहोचावं लागतं. चाचणी मात्र अंगातली ताकदच मोजते.

चाचण्या नऊ असतात: उंची, वजन, 30 मीटर धावणं, 6 गुणिले 10 मीटर शटल रन, उभ्याने लांब उडी, जागेवरून उंच उडी, मेडिसिन बॉल फेकणं, पुढे वाकून हात पोहोचवणं आणि 800 मीटर धावणं. पाड्यावरच्या मुलांचं काय होतं ते मी कितीदा पाहिलंय. 800 मीटरला ती सगळ्यांच्या पुढे असतात. शटल रनला मात्र मागे पडतात, कारण दहा मीटरवर जाऊन वाकून वळायचं आणि परत पळायचं, हे त्यांनी कधी केलेलं नसतं; वळताना पाय सरळ ठेवतात आणि दोन पावलं पुढे घसरत जातात. वळणाच्या आधीच्या पावलाला कंबर खाली घ्यायची आणि बाहेरचा पाय आडवा टाकायचा, एवढं सांगून पंधरा दिवस रोज संध्याकाळी करून घेतलं की वेळ पटकन सुधारते. मेडिसिन बॉलचंही तसंच. तो एक किलोचा जड चेंडू त्यांनी हातात धरलेलाच नसतो, म्हणून नुसत्या मनगटाने फेकतात. जाड कापडाच्या पिशवीत एक किलो वाळू घट्ट शिवून घ्या आणि त्याने सराव करून घ्या. वाकण्याच्या चाचणीत मुली बहुतेक चांगल्या निघतात. मैदानावर चुन्याने दहा मीटरच्या दोन रेषा आणि भिंतीवर उडी मोजायला खडूची पट्टी, एवढ्या सामानावर या सगळ्याची तयारी गावात होते. मंडळाने यंदा एकच काम करायचं ठरवलं तर हे करा. गावातल्या आणि पाड्यावरच्या त्या वयाच्या सगळ्या मुलामुलींच्या या नऊ चाचण्या घ्या आणि वहीत आकडे लिहा. ज्यांचं नावही कोणाला माहीत नव्हतं अशी दोन-तीन मुलं त्यातून हमखास पुढे येतात.

इथे एक अडचण आधीच सांगून ठेवतो, ती म्हणजे जन्मतारीख. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिली, अशी कित्येक मुलं आहेत. जन्म घरी झालेला, ग्रामपंचायतीत नोंद नाही, किंवा नोंद आहे ती वेगळ्याच तारखेची. शाळेचा दाखला एक सांगतो, आधार दुसरं, जन्माचा दाखला तिसरं. तालुक्याला हे कोणी बघत नाही. विभागाला किंवा राज्याला कागद तपासतात आणि तिथे मूल परत पाठवतात. नाशिकपर्यंत जाऊन न पळता परत आलेलं पोर नंतर मैदानावर यायला तयार होत नाही. तेव्हा तिन्ही कागद आताच शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांना भेटून दुरुस्ती सुरू करा, तिला महिने लागतात.

खेलो इंडियाबद्दलही विचारणा होते. केंद्राची ही योजना 2018 पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. निवडलेल्या खेळाडूला प्रशिक्षण आणि बाकीच्या सोयींशिवाय महिन्याला 10,000 रुपये हातखर्चाला मिळतात. पण ती निवड राष्ट्रीय पातळीवरच्या कामगिरीतून होते, तिचा अर्ज गावातून करता येत नाही. त्या मुली तिथवर जाव्यात असं मनापासून वाटतं, पण आज डोक्यात तालुका आणि जिल्हा ठेवा. आपल्याच रावेरच्या खासदार 2024 पासून केंद्रात क्रीडा राज्यमंत्री आहेत, म्हणून ओळखीने काही होईल असंही कोणी सांगेल. मुलीच्या पळण्याची वेळ नोंदलेली असेल तर कोणाच्याही दारात उभं राहता येतं. ती नसेल तर ओळखीने काही होत नाही.

आता कबड्डीची पोरं. ही बहुधा गावोगावच्या चषकांना जातात, रोख बक्षीस आणतात, छातीएवढी ट्रॉफी आणतात. त्यात आनंद आहे, तो असावा. पण त्या ट्रॉफीबरोबर मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा शासनदरबारी उपयोग नाही. उपयोग आहे तो शालेय स्पर्धेच्या आणि मान्यताप्राप्त संघटनेच्या अधिकृत अजिंक्यपद स्पर्धेच्या प्रमाणपत्राचा. शाळा सोडलेल्या पोरांची नोंदणी जिल्हा कबड्डी संघटनेकडे करून घ्या आणि जिल्हा निवड चाचणीला पाठवा. कॉलेजात असतील तर आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत, पुढे राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सव आहे.

या कागदाची किंमत घरच्यांना कळत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एका कापूस उत्पादक बापाने मला विचारलं होतं, "मास्तर, या कागदना काय उपेग?" त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, पातळीप्रमाणे कमी-जास्त, सगळ्यात वर 25 पर्यंत. त्याचा प्रस्ताव शाळेने जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत परीक्षा मंडळाकडे पाठवायचा असतो. शाळा विसरली तर मुलाचे गुण जातात, म्हणून वर्गशिक्षकांच्या मागे लागा. दुसरं म्हणजे शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या पातळीचं पदक लागतं ते 2016 च्या शासन निर्णयात दिलेलं आहे, तो छापून मंडळाच्या फाईलीत लावून ठेवा. पोलीस भरतीला तुमच्या गावातून दरवर्षी पोरं जातात, त्यांना हे आधी कळलं पाहिजे. आणि नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. ते विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून, म्हणजे आपल्यासाठी नाशिकहून, पडताळून घ्यावं लागतं. राज्यात बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडी पडल्यापासून ही तपासणी कडक झाली आहे आणि ती झालीच पाहिजे, कारण बनावट कागदावर लागलेली एकेक जागा खऱ्या खेळाडूची असते. भरतीची जाहिरात आली की धावपळ करण्यापेक्षा पदक मिळालं त्याच वर्षी पडताळणीचा अर्ज टाका. स्पर्धेचं निकालपत्रक, संघाची यादी, प्रवेशिका, सगळ्याची छायाप्रत त्याच आठवड्यात घेऊन ठेवा. पाच वर्षांनी आयोजक सापडत नाहीत, सापडले तर दप्तर सापडत नाही.

कबड्डीचं खरं दुखणं मॅट आहे. आपली पोरं काळ्या मातीवर खेळतात. पावसाळ्यात त्या मातीचा चिखल होतो आणि शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात आणि त्याला लागून सुरू होतात. वरच्या पातळीवर मॅट असते. मातीवर ज्याची पकड लोखंडासारखी, तो मॅटवर पहिल्यांदा बूट घालून उतरला की चढाईत पायच सापडत नाही. मॅट मंडळाला परवडणारी नाही आणि ती मागायलाही जाऊ नका. तालुका क्रीडा संकुलात किंवा जवळच्या कॉलेजात असेल तर स्पर्धेच्या आधी चार-सहा रविवार तिथे सरावाला परवानगी मागा. तालुका क्रीडा अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या, पोच घ्या. संकुलांवर शासनाचा खरा पैसा गेलेला आहे. 2022 मध्ये तालुका संकुलाची अनुदान मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटी आणि जिल्हा संकुलाची 8 वरून 25 कोटी केली गेली. या पैशाने बांधलेलं मैदान आणि सभागृह गावातल्या पोरांसाठीच आहे. वापर मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि तो मागायला अनुदानाचा प्रस्ताव लागत नाही. माझ्या मते खेड्यातल्या मंडळांनी सगळ्यात कमी वापरलेली मदत हीच.

वेळापत्रकाचं एक सांगतो, ते कोणत्याच परिपत्रकात नाही. जिल्हा आणि विभाग पातळीच्या स्पर्धा चालू असतात तेव्हा आपल्याकडे कापूस वेचणी सुरू होते. दिवाळीच्या आगेमागे कित्येक कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि मोठ्या मुलीला धाकट्या भावंडांसाठी बरोबर नेतात. विभागाला निवड झालेली मुलगी त्या दिवशी गावातच नसते. घरच्यांशी ऑगस्टमध्येच बोला, मुलगी वसतिगृहात राहील याची शाळेशी सोय लावा. मुलींबरोबर जायला बाई शिक्षिका नसेल तर पालक पाठवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. मंडळाच्या पैशातून आधी हा खर्च करा. बरोबर जाणाऱ्या बाईंचं एसटीचं तिकीट, दोन दिवसांचं जेवण, मुलीचे बूट. राज्य संघात निवड झाली की पुढचा प्रवास आणि गणवेश विभाग बघतो. त्याच्या खालचा खर्च शाळेवर आणि घरावर पडतो, आणि चांगली मुलं तिथेच गळतात.

कलेकडे येतो. इथे लोक गोंधळतात, कारण खेळाला जिल्ह्यात एक कार्यालय आहे, कलेला तसं एक दार नाही.

ढोलपथकातली पोरं 15 ते 29 वयातली असतील तर जिल्हा युवा महोत्सवाला घाला. तो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयच घेतं, म्हणजे तुमच्या ओळखीच्याच टेबलावर. लोकनृत्य आणि लोकगीत हे त्यातले ठरलेले प्रकार. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग जानेवारीत, स्वामी विवेकानंद जयंतीच्या सुमारास होणारा राष्ट्रीय युवा महोत्सव. 2024 मध्ये तो नाशिकलाच झाला होता. कॉलेजातल्या मुलांना विद्यापीठाचा युवारंग आहे आणि त्यातून राज्यपातळीवरचा इंद्रधनुष्य. एक काळजी घ्या. रंगमंचावर मोजकी मिनिटं मिळतात म्हणून पथक आपला नाच कापतं, ठेका वाढवतं, कपड्यांवर चमकी लावतं. परीक्षकांना ते आवडेल असं कोणीतरी सांगितलेलं असतं. अक्कलकुव्याजवळच्या काठीची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली असेल त्यांना कळेल मी काय म्हणतो ते. बावा-बुध्यांचे, म्हणजे नवसाने नाचणाऱ्यांचे, मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू, रात्रभर चाललेला ढोल, हे कोणाच्या अनुदानावर उभं राहिलेलं नाही. नवस-व्रत पाळणाऱ्या माणसांनी ते धरून ठेवलंय. स्पर्धेसाठी छोटा तुकडा बसवा, पण होळीला आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला पोरांनी पूर्ण नाचायचं सोडू नये. महोत्सवातून प्रमाणपत्र आणि ओळख मिळते, वाजवायला शिकायचं ते पाड्यावरच्या जाणत्यांकडूनच.

वहीगायनाच्या मंडळींत कोणी दहा ते चौदा वर्षांचं पोर आजोबांच्या मागे बसून सूर धरत असेल तर त्याच्यासाठी केंद्राची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे. सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र ही संस्था ती देते. वर्षाला 3,600 रुपये आणि शिकवणीची फी 9,000 पर्यंत. रक्कम छोटी आहे. पण नूतनीकरण होत गेलं तर विसाव्या वर्षापर्यंत चालते, आणि परंपरेने कला सांभाळणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी त्यात जागा राखून ठेवलेल्या आहेत. आपल्याकडून या जागांसाठी अर्जच जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. 18 ते 25 वयाच्या तरुण कलावंतांसाठी संस्कृती मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे, महिना 5,000, दोन वर्षं. तिला गुरूकडे काही वर्षं शिकल्याचा पुरावा लागतो आणि प्रत्यक्ष सादरीकरण बघूनच निवड होते. लोककलाही त्यात आहे, नुसतं शास्त्रीय संगीतच नव्हे.

पुरावा हाच आपल्या लोककलावंतांचा कमकुवत भाग. जो माणूस चाळीस वर्षं कानबाईच्या उत्सवाच्या रात्री गातो, त्याच्याकडे त्याचा एक कागद नसतो. मंडळाने हे काम हातात घ्यावं. यात्रा समितीने किंवा उत्सव मंडळाने बोलावलं की पथकाचं नाव छापलेली पत्रिका मागून घ्या. कार्यक्रमानंतर त्यांच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र घ्या: कोण आले, काय सादर केलं, कोणत्या तारखेला. फोटो असा काढा की मागचा फलक वाचता येईल. ग्रामपंचायतीचा दाखला, वर्तमानपत्रातलं कात्रण, सगळं एका फाईलीत तारखेने लावा. वही गाणाऱ्या बुवांचं गाणं मोबाइलवर पूर्ण ध्वनिमुद्रित करा आणि शब्द अहिराणीत जसेच्या तसे लिहून घ्या, शुद्ध मराठी करायला जाऊ नका.

ही फाईल आधी बुवांच्याच कामाला येते. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत 2024 पासून महिना 5,000 रुपये मानधन आहे. वय 50 च्या पुढे, कलाक्षेत्रात किमान पंधरा वर्षं काम आणि उत्पन्नाची मर्यादा, या मुख्य अटी. तुम्ही तरुणांसाठी मदत विचारली आणि मी म्हाताऱ्यांचं सांगतोय, पण दोन्ही एकच आहे. शिकवणाऱ्याच्या घरात महिन्याला काही रक्कम येऊ लागली की तो मजुरीला न जाता संध्याकाळी पोरांना घेऊन बसतो. गाणं पुढे जायला याहून सरळ वाट मला माहीत नाही.

चित्रकलेचं तुम्ही विचारलं नाही, तरी लिहितो. शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, कला संचालनालय घेतं आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण आहेत: अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. लोककलेलाही दहावीत वाढीव गुणांची तरतूद आहे, पण त्यासाठी शासनमान्य संस्थेकडची नोंद लागते. ज्या शाळेत कलाशिक्षक नाही तिथली मुलं रेखाकला परीक्षेला बसतच नाहीत. शेजारच्या शाळेचं केंद्र असतं, तिथल्या कलाशिक्षकांना रविवारी बोलवा. स्टॅच्यू ऑफ युनिटी घडवणारे राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे, मुंबईच्या जे. जे. स्कूलपर्यंत जायला त्यांच्या गुरुजींनीच त्यांना हात दिला होता.

आता तुमचं मंडळ. नोंदणी आहे असं तुम्ही लिहिलंय, पण ती जिवंत आहे का ते बघा. संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 या दोन्हींखालचे दाखले, दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल, पॅन, मंडळाच्या नावाचं बँक खातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धर्मादाय कार्यालयातला बदल अहवाल. जुना अध्यक्ष वारला किंवा मुंबईला गेला, नवी कार्यकारिणी झाली, ठराव झाला, पण बदल अहवाल दाखल केलाच नाही, असं दहापैकी बऱ्याच मंडळांत असतं. कागदावर अजून जुनीच माणसं कारभारी असतात आणि प्रस्ताव तिथेच अडतो. हे आधी सरळ करा.

त्यानंतर क्रीडांगण विकास अनुदान आणि व्यायामशाळा विकास अनुदान, या दोन योजना बघा. क्रीडांगणात सपाटीकरण, धावनमार्ग, कुंपण, पाण्याची सोय अशी कामं बसतात. जागेचा सातबारा किंवा दीर्घ मुदतीचा करार, अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि नकाशा लागतो. तुमच्या पत्रावरून जागा गावठाणाला लागून असलेली पंचायतीची दिसते. मग प्रस्ताव मंडळाच्या नावाने टाकण्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या नावाने टाका. जागेचा प्रश्न उरत नाही, ग्रामसभेचा ठराव जोडता येतो, आणि गावाच्या विकास आराखड्यातही तेच काम घालता येतं. रोजगार हमीतूनही आजवर कित्येक गावांची मैदानं सपाट झाली आहेत, ग्रामसेवकांना ते विचारा. मैदान पंचायतीचं राहिलं तर उद्या मंडळात भांडण झालं तरी पोरांना खेळता येतं. व्यायामशाळेच्या अनुदानाची मात्र मी तुम्हाला घाई करायला सांगणार नाही. बंद खोलीत गंजणारी यंत्रं मी फार गावांत पाहिली. तुमच्या पोरांना सपाट मैदान आणि संध्याकाळी दोन दिवे जास्त कामाचे आहेत.

नेहरू युवा केंद्राचं काम आता मेरा युवा भारत या नावाने चालतं. तिथे मंडळाची आणि पोरांची नोंदणी करून ठेवा. गटपातळीवरच्या स्पर्धा, थोडंफार क्रीडासाहित्य, शिबिरं, यांची माहिती तिथून मिळते. राज्याचा जिल्हा युवा पुरस्कारही आहे, युवकाला 10,000 आणि संस्थेला 50,000. पण त्यालाही केलेल्या कामाची फाईलच लागते, आणि ती वरच्या कामांतून आपोआप तयार झालेली असेल.

तर पुढचे दोन महिने असे वापरा. मुलींचे जन्मतारखेचे तिन्ही कागद आणि शाळेची नोंदणी या आठवड्यात बघा. चुन्याच्या रेषा मारून नऊ चाचण्या घ्या. तालुका क्रीडा अधिकाऱ्यांना मॅटसाठी पत्र द्या. बुवांचं गाणं मुद्रित करायला सुरुवात करा. जळगावला जाल तेव्हा जिल्हा क्रीडा कार्यालय आणि धर्मादाय कार्यालय ही दोन्ही कामं एकाच फेरीत होतील असा वार धरा. चाचण्यांचे आकडे आले की मला कळवा, विशेषतः 800 मीटरचे. वेळ, वय आणि अनवाणी पळाली की बूट घालून, हे तिन्ही लिहा. त्यावरून कोणत्या मुलीला प्रबोधिनीच्या चाचणीला पाठवायचं आणि कोणाला शालेय स्पर्धेसाठी तयार करायचं, ते सांगता येईल.